इटलीतल्या बोली म्हणजे बिघडलेली इटालियन? खुलासा

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की इटलीत एकच शुद्ध भाषा आहे आणि गावोगावचे लोक ती बिघडवून बोलतात त्याला 'दियालेत्तो' म्हणतात. असं वाटणं साहजिक आहे, कारण शब्दाचा अर्थच आपण 'बोली' असा लावतो आणि बोली म्हटलं की मूळ भाषेची फांदी डोळ्यासमोर येते.

पण क्रम बघा. आजची इटालियन मुळात फ्लॉरेन्सची बोली, चौदाव्या शतकातल्या तिथल्या साहित्यामुळे ती पुढे आली, आणि इटली हे एक राज्य म्हणून उभं राहिलं तेच 1861 मध्ये. नापोली, सिसिली, व्हेनिसच्या बोली तोवर शेकडो वर्षं बोलल्या जात होत्या, त्या थेट लॅटिनमधून आल्यात, म्हणजे इटालियनच्या बहिणी, लेकी नव्हेत.

हे घरबसल्या तपासता येतं. लॅटिनमध्ये किल्ली म्हणजे 'क्लाविस'. इटालियनमध्ये 'क्यावे', ल गेला. ईशान्येकडच्या फ्रिउलीमध्ये मात्र 'क्लाफ', ल तसाच! आता इटालियन बिघडून फ्रिउली झाली असती तर हा ल आला कुठून? शंभरचंही तसंच, जुन्या लॅटिनमध्ये 'केंतुम', इटालियनमध्ये 'चेंतो', सार्डिनिया बेटाच्या काही भागांत अजून 'केंतु'. कुठलाही व्युत्पत्तीकोश उघडा आणि असे अजून चारपाच शब्द शेजारी मांडून बघा.

आणि 'जेर्गो' हा इटालियन शब्द दियालेत्तोहून वेगळा बरं का, तो एखाद्या धंद्यातला किंवा टोळक्यातला खास शब्दसाठा, डॉक्टरांचा, कैद्यांचा वगैरे. सार्डिनियन आणि फ्रिउलीला तर 1999 च्या कायद्याने 'लिंग्वा' म्हणजे भाषा म्हणूनच मान्यता दिलीये.