शॉम्बर्ग, ॲलेक्स

(१० मे १९०५ – १९९८). अमेरिकन चित्रकार. १९४० च्या दशकातील कॉमिक्सची शेकडो मुखपृष्ठे त्यांनी रंगवली. जन्म पोर्तो रिकोतील आग्वादिया येथे. तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी भावांबरोबर जाहिरातचित्रांचा स्टुडिओ चालवला. पुढे बरीच वर्षे ‘नॅशनल स्क्रीन सर्व्हिस’ या चित्रपटांच्या जाहिराती करणाऱ्या कंपनीत काम केले. मासिकांची चित्रे ते त्याच्या जोडीने काढत.

त्या काळी कॉमिक दहा सेंटला मिळे. विक्रेत्याकडे डझनावारी अंक शेजारी-शेजारी लागत आणि गिऱ्हाईक बहुधा शाळकरी पोर. त्यामुळे अंक खपणार की पडून राहणार हे मुखपृष्ठावर ठरे. आतल्या कथा निराळेच चित्रकार काढत. मुखपृष्ठावरच्या प्रसंगाचा आत पत्ताही नसे, आणि त्याची फारशी कोणाला खंत नव्हती.

टाइमली (आजची मार्व्हल) या कॉमिक्स प्रकाशनसंस्थेसाठी शॉम्बर्ग यांनी केलेली युद्धकाळातील मुखपृष्ठे म्हणजे नुसती झुंबड. संस्थेचे महानायक एकत्र: मधोमध झेपावणारा कॅप्टन अमेरिका, वरून पेटता ह्यूमन टॉर्च, बाजूला सब-मरिनर. खाली तोफा, दातेरी चाके, पळणारे नाझी सैनिक आणि कोपऱ्यात यंत्राला बांधलेला एखादा कैदी. वीस-पंचवीस आकृत्या असूनही कोण कोणाला मारतो आहे हे एका नजरेत कळते. हे कसब त्यांनी वीरकथांतून कमावलेले नाही. प्रकाशक ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या रेडिओविषयक मासिकांसाठी ते उपकरणांची चित्रे काढत आणि तिथे कुठला भाग कुठे बसतो हे वाचकाला दिसावेच लागे. त्यांच्या खलनायकांची यंत्रे खरोखर चालतील अशी वाटतात, ती यामुळेच. जपानी सैनिकांची चित्रे मात्र त्या काळच्या प्रचाराला साजेशी, वंशद्वेषाने विद्रूप केलेली आहेत. आज ती पाहवत नाहीत.

युद्ध संपल्यावर त्यांची चित्रभाषा पालटली. नेडोर-स्टँडर्ड या प्रकाशनगटाच्या ‘एक्सायटिंग’, ‘थ्रिलिंग’, ‘स्टार्टलिंग’ या कॉमिक्ससाठी त्यांनी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) हाती घेतला. शाईच्या ठळक रेषा गेल्या, रंगांच्या मऊ छटा आल्या. गर्दीही ओसरली. या चित्रांवर ‘झेला’ अशी सही दिसते. ‘ॲलेक्स’ची रोमन अक्षरे उलटी लिहिली की हे नाव होते. जानेवारी १९४८ च्या ‘स्टार्टलिंग’ क्र. ४९ वरचा यंत्रमानव या काळातला सर्वांत परिचित नमुना.

कॉमिक्सच्या इतिहासात नाव राहते ते पात्र घडवणाऱ्याचे. कॅप्टन अमेरिका सायमन आणि कर्बी यांचा, सब-मरिनर एव्हरेट यांचा, टॉर्च बर्गोस यांचा. शॉम्बर्ग यांच्या नावावर असे गाजलेले एकही पात्र नाही. त्यांनी दुसऱ्यांच्या पात्रांना दर्शनी दार बांधून दिले आणि मुखपृष्ठांचे ढीग हातावेगळे केले. मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांनी कॉमिक्समधील त्यांच्या स्थानाची तुलना मासिकांच्या मुखपृष्ठांसाठी घरोघरी ठाऊक असलेले अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांच्याशी केली, परंतु रॉकवेल यांच्या लोकप्रियतेचा अंशही शॉम्बर्ग यांच्या वाट्याला आला नाही.

विज्ञानकथांच्या वर्तुळात त्यांना अधिक मान मिळाला. त्या क्षेत्रातले त्यांचे पहिले मुखपृष्ठ ‘स्टार्टलिंग स्टोरीज’च्या सप्टेंबर १९३९ च्या अंकावरचे. कॉमिक्सचे काम सुटल्यावर ते पुन्हा तिकडे वळले. १९५० च्या दशकात विन्स्टन कंपनीने किशोरांसाठी काढलेल्या विज्ञानकादंबऱ्यांपैकी अनेकांची वेष्टने त्यांची आहेत. पण मालेची खरी ओळख ठरले ते पुठ्ठ्याच्या आतल्या दुपानी कागदावरचे त्यांचे चित्र. अवकाशयाने, यंत्रमानव, अनोळखी प्राणी अशी पुन्हा तीच, टाइमलीच्या दिवसांतली झुंबड तिथे आहे. त्यांच्या चित्रांचा ‘क्रोमा’ हा संग्रह १९८६ मध्ये निघाला आणि १९८९ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांच्या वेळी त्यांना विशेष पुरस्कार मिळाला.