डिलिव्हरीची तारीख इंग्रजीत लिहिताना: क्रियापद पाहा, मग शब्द निवडा

बेळगावातल्या उद्यमबाग, मच्छे आणि आसपासच्या फाउंड्री, मशीन शॉप आणि पंपांचे भाग बनवणाऱ्या ग्राहकांसाठी

कोटेशन, ईमेल आणि ऑर्डरची पत्रं आम्ही इंग्रजीत करून देतो. या कामात व्याकरणाच्या बाकीच्या चुका फारशा नडत नाहीत, समोरचा समजून घेतो. वायद्याच्या तारखेला लागणारा छोटा शब्द चुकला, की मात्र अर्थच बदलतो आणि दोन्ही बाजूंना आपलंच बरोबर वाटत राहतं. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात जास्त घोटाळा आपल्या 'पर्यंत'चा होतो. 'सोमवारपर्यंत माल पाठवतो' आणि 'सोमवारपर्यंत माल ठेवून घेतो', दोन्हीकडे आपण 'पर्यंत'च म्हणतो. कन्नडमधलं 'वरेगे'ही दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत इथे दोन वेगळे शब्द आहेत आणि कोणता घ्यायचा ते क्रियापद ठरवतं. पाठवणं, पोहोचणं, पैसे भरणं, काम पुरं करणं ही एकदा घडून संपणारी कामं. त्यांना 'बाय' लागतो. थांबणं, ठेवणं, चालू राहणं, दर कायम राहणं ही ताणत जाणारी. त्यांना 'अनटिल' किंवा 'टिल'. 'वी विल डिस्पॅच द कास्टिंग्ज बाय मंडे', पण 'वी विल होल्ड द प्राइस अनटिल मंडे'. पारख सोपी आहे: मराठी वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'सोमवारच्या आत' घालून बघा. अर्थ जमला तर 'बाय'. फरक एवढाच, की 'बाय मंडे'मध्ये सोमवार धरलेला असतो. सोमवार धरायचा नसेल तर 'बिफोर मंडे' लिहा.

नकार आला की जास्त जपावं लागतं. 'सोमवारपर्यंत माल निघणार नाही' हे आपलं वाक्य इंग्रजीत दोन तऱ्हांनी जातं. 'वी कॅनॉट डिस्पॅच अनटिल मंडे' म्हणजे सोमवारआधी नाही, सोमवारी निघू शकेल. गिऱ्हाईक सोमवार धरून गाडीची व्यवस्था करतो. 'वी कॅनॉट डिस्पॅच बाय मंडे' म्हणजे सोमवारचा वायदा पाळता येत नाही. पुढची तारीख त्यात नाहीच. दुसरं वाक्य पाठवायचं असेल तर नवी तारीख त्याच ओळीत द्या, नाहीतर तासाभरात फोन येणारच.

मुदतवाढ मागताना हाच 'बाय' वेगळंच काम करतो. त्याच्यापुढे तारीख आली तर तो शेवटची हद्द सांगतो, दिवसांची संख्या आली आणि क्रियापद वाढवण्याचं किंवा लांबण्याचं असलं तर फरक किती ते सांगतो. मूळ मुदत 30 दिवसांची असेल तर 'एक्स्टेंड बाय 15 डेज' म्हणजे एकूण 45 दिवस. 'एक्स्टेंड टू 45 डेज' म्हणजेही तेच. पण 'एक्स्टेंड टू 15 डेज' लिहिलं तर वाक्याला अर्थच उरत नाही, कारण 30 ची मुदत 15 पर्यंत 'वाढत' नाही. आमचा आग्रह असा, की दिवस मोजत बसण्यापेक्षा 'एक्स्टेंड अनटिल 15 जुलै' असं तारखेनं लिहा. तारीख अलीकडे आणायची असेल तर 'प्रीपोन' भारतात चालतं. परदेशी गिऱ्हाइकाला 'ब्रिंग फॉरवर्ड टू मंडे' लिहा.

'दोन आठवड्यांत सॅम्पल देतो' याचं 'इन टू वीक्स' केलं, की वाचणारा साधारण दोन आठवडे संपताना येईल असं धरतो. तुम्हाला 'जास्तीत जास्त दोन आठवडे' म्हणायचं असेल तर 'विदिन टू वीक्स'. 'आफ्टर टू वीक्स' टाळाच. दोन आठवड्यांनंतर कधीही, असा त्याचा अर्थ निघू शकतो. झालेल्या कामाबद्दल लिहितानाही जपा. 'वी मशीन्ड द लॉट इन टू डेज' म्हणजे लॉट दोन दिवसांत पुरा झाला. तिथे 'फॉर टू डेज' टाकलं तर दोन दिवस काम चाललं एवढंच कळतं, पुरं झालं की नाही ते कळत नाही.

'पंधरा वर्षांपासून सप्लाय करतो' यात 'सिन्स 15 इयर्स' येऊ देऊ नका. 'सिन्स'पुढे सुरुवातीचं साल, 'फॉर'पुढे कालावधी: 'वी हॅव बीन सप्लायिंग पंप बॉडीज सिन्स 2009' किंवा 'फॉर 15 इयर्स'. 'वी आर सप्लायिंग' दोन्हीकडे चुकीचं.

वाराला आणि तारखेला 'ऑन', महिन्याला आणि सालाला 'इन', घड्याळाला 'ॲट'. 'नेक्स्ट', 'लास्ट' किंवा 'धिस' आलं की आधी काहीच लागत नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे' खटकतं.

गणपतीच्या सुट्टीची नोटीस काढताना 'क्लोज्ड टिल वेडन्सडे' लिहिलं, तर बुधवारी कारखाना उघडा की बंद हे इंग्रज माणसालाही नक्की सांगता येत नाही. 'वी रीओपन ऑन थर्सडे' लिहा. अमेरिकन गिऱ्हाइकानं 'मंडे थ्रू वेडन्सडे' लिहिलं असेल तर त्यात बुधवार धरलेला असतो.

निर्यातीचा माल एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेनं दिलेली पैशांची हमी) जात असेल तर अंदाजावर राहू नका. बँका यूसीपी 600 हे एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम पाळतात. ते 1 जुलै 2007 पासून लागू आहेत. शिपमेंटची मुदत सांगताना 'टू', 'अनटिल', 'टिल', 'फ्रॉम' आणि 'बिट्वीन' यांत लिहिलेली तारीख धरली जाते, 'बिफोर' आणि 'आफ्टर'मध्ये सोडली जाते. पैसे देय होण्याची तारीख काढताना मात्र 'फ्रॉम'मध्येही ती सोडतात. म्हणजे एकच शब्द एकाच एलसीत दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी मोजला जातो. 'ऑन ऑर अबाउट 10 जून' असेल तर 5 जून ते 15 जून हे सगळे दिवस, दोन्ही टोकांसकट, चालतात.

तारीख 05/06 अशी आकड्यांत कधीच लिहू नका. अमेरिकेत ती 6 मे होते.

मसुदा आमच्याकडे पाठवताना मूळ पीओची (गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरची) प्रत, मालाची खरी तयार होण्याची तारीख आणि ती तारीख शेवटची हद्द आहे की साधारण अंदाज आहे, हे मराठीत एका ओळीत लिहून द्या.