पारायण आणि चिंतन : पोथी एकच, वाचणे वेगळे

‘ज्ञानेश्वरी वाचली’ असे दोघांनी सांगितले, तरी दोघांनी एकच गोष्ट केलेली असते असे नाही. एकाने सप्ताहात बसून पारायण केलेले असते, तर दुसरा महिनाभर एकाच अध्यायाशी थबकलेला असतो.

पारायणात ग्रंथ क्रम न मोडता, ठरलेल्या मुदतीत आणि मोठ्याने वाचायचा असतो. अठरा अध्यायांच्या सुमारे ९००० ओव्या सात दिवसांत संपवायच्या, तर रोज तेराशेच्या आसपास ओव्या होतात. एका ओवीला दहा सेकंद धरले तरी बैठक साडेतीन तासांची. या गतीत पुष्कळ शब्दांचा अर्थ निसटतो, हे खरे. पण साडेतीन चरणांची तीच लय, व्यासपीठावरचा आवाज आणि शेजारच्या पोथीचे उलटणारे पान यांत मनाची धावपळ हळूहळू निवते, आणि म्हणून पारायणाला पोपटपंची म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

चिंतनाला मुदत नसते. पसायदानातला ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हा चरण घाईत ‘दुष्ट नाहीसे होवोत’ असा कानावर पडतो. थांबून पाहिले की कळते, व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. माणूस नव्हे, त्याचा वाकडेपणा गळून पडावा आणि ‘तयां सत्कर्मीं रती वाढो’, एवढेच मागणे आहे. हे एकदा कळले की ज्याच्याशी आपण बोलणे टाकले आहे तो माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि शांत व्हायला बसलेले मन उलट अस्वस्थ होते. गल्लत होते ती इथेच : पारायणाकडून अर्थाची आणि चिंतनाकडून तत्काळ शांतीची अपेक्षा धरली, की दोन्हीकडे निराशा पदरी येते.

नवनिर्मिती मात्र बहुधा थांबणाऱ्याच्या वाट्याला येते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती ओवी ओवी पारखूनच. खुद्द ज्ञानेश्वरांचे गीतावाचनही एका चालीचे नाही. गीतेच्या बाराव्या आणि पंधराव्या अध्यायांत प्रत्येकी २० श्लोक आहेत. बाराव्यावर त्यांच्या ओव्या २४७, तर पंधराव्यावर सहाशेच्या घरात, कारण तिथल्या उलट्या अश्वत्थाची मुळे, फांद्या, पालवी न्याहाळत ते रेंगाळले आहेत.