कुलगुरू कोणाचे? महाराष्ट्रातील विद्यापीठे आणि सत्ता : एक पार्श्वभूमी

जून २०२३ मध्ये मुंबई विद्यापीठाला आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला पूर्णवेळ कुलगुरू मिळाले, तेव्हा पुण्याने वर्षभराहून अधिक आणि मुंबईने जवळपास नऊ महिने प्रभारी कुलगुरूंवर काढले होते. राज्यातील दोन सर्वांत मोठ्या विद्यापीठांवर ही वेळ एकाच सुमारास आली. त्यामागे मुंबई, दिल्ली आणि न्यायालय या तिन्ही ठिकाणी घडलेल्या घडामोडी होत्या आणि त्यांची मुळे खूप मागे जातात.

चार्ल्स वुडच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५७ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. या कायद्यांनी प्रांताच्या प्रमुखालाच विद्यापीठाचा पदसिद्ध कुलपती केले. मुंबईत गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे पहिले कुलपती झाले, तर कुलगुरूची नेमणूक गव्हर्नर आणि त्यांचे मंडळ करी, तीही दोन वर्षांपुरती. पद मानद असल्याने त्यावर बहुधा न्यायाधीश आणि वरिष्ठ अधिकारी येत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या रूपाने पहिला भारतीय कुलगुरू मिळायला १८९२ साल उजाडले, आणि तेलंगही उच्च न्यायालयाचे न्यायाधीशच होते. त्यांच्यानंतर हे पद रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आले आणि एका संशोधक अध्यापकाने ते सांभाळले.

विद्यापीठावर सरकारचा हात किती असावा, हा वाद उघडपणे पेटला तो व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळात. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने अधिसभेचा, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटचा, आकार लहान केला, निवडून येणाऱ्या फेलोंना (सदस्यांना) जागा दिली, पण बहुसंख्य सदस्य नामनियुक्तच राहतील अशी व्यवस्था केली आणि विद्यापीठाचे नियम बदलण्याचा अधिकारही सरकारकडे ठेवला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला कडवा विरोध केला. शिक्षणाचा दर्जा सुधारण्याला त्यांची हरकत नव्हती. दर्जाच्या नावाखाली विद्यापीठ हे सरकारी खात्याचा एक भाग होईल, ही त्यांची भीती होती. मला ही भीती आजही महत्त्वाची वाटते, कारण त्यानंतर जवळजवळ प्रत्येक कायद्यात दर्जा आणि नियंत्रण या दोन गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालूनच आलेल्या दिसतात.

सरकारी चौकटीच्या बाहेर राहण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रात झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले ते सरकारी मान्यतेशिवाय, आणि मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरून. मान्यताप्राप्त विद्यापीठाला असे धाडस त्या काळी करता आले नसते. मात्र त्याची किंमत त्या विद्यार्थिनींनी मोजली, कारण त्यांच्या पदवीला वैधानिक दर्जा १९५१ पर्यंत मिळाला नाही. अनुदान आणि मान्यता हवी असेल तर सरकारचे नियम पाळावे लागतात आणि मोकळीक हवी असेल तर पदवीला बाजारात किंमत राहत नाही, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची संख्या वाढली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आले. गव्हर्नरच्या जागी राज्यपाल आले आणि कुलपतिपद त्यांच्याकडेच राहिले. वरवर पाहता काही बदलले नव्हते, पण प्रत्यक्षात एक मोठा फरक पडला होता. ब्रिटिश काळात गव्हर्नर आणि सरकार एकच होते. आता राज्यपालांची नेमणूक केंद्र करणार, विद्यापीठाचा कायदा राज्याचे विधिमंडळ करणार आणि पगाराचे पैसे राज्याची तिजोरी देणार, अशी विभागणी झाली. मुंबईत आणि दिल्लीत एकाच पक्षाची सत्ता होती तोवर ही फट कोणाला जाणवली नाही.

घटनेने शिक्षण हा विषय मुळात राज्यसूचीत ठेवला होता, मात्र उच्च शिक्षणाचा समन्वय आणि दर्जा हा विषय केंद्रसूचीत होता. गुजरात विद्यापीठ विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये या दोहोंची सीमा आखली. वाद शिक्षणाच्या माध्यमाचा होता. आपल्या मुलाला इंग्रजी माध्यमातून शिकता यावे म्हणून एक पालक न्यायालयात गेले होते. न्यायालयाने म्हटले की राज्याचा कायदा दर्जाच्या समन्वयाच्या क्षेत्रात शिरत असेल, तर केंद्राचा अधिकार वरचढ ठरेल. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले आणि उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणाऱ्या केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांचे वजन वाढत गेले.

राज्यात १९७४ मध्ये प्रत्येक विद्यापीठासाठी स्वतंत्र पण बऱ्याच अंशी सारखे कायदे झाले. त्याआधी विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करण्यासाठी अनुदान आयोगाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर, जे निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले होते. पण या काळातील खरी उलथापालथ कायद्याच्या कलमांपेक्षा रस्त्यावर आणि विधानभवनात झाली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. सरकारने अंमलबजावणी थांबवली. लाँग मार्च, तुरुंगवास आणि आत्मदहनांतून गेलेल्या त्या आंदोलनाला १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्ताराने, म्हणजे जुन्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडून, उत्तर मिळाले. ठराव झाल्यावरही त्याची अंमलबजावणी जवळपास सोळा वर्षे रोखून धरणारे राजकारण हे विद्यापीठाच्या इतिहासातले सर्वांत लाजिरवाणे प्रकरण आहे, असे मी मानतो.

दुसरी उलथापालथ आर्थिक होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ग्रामीण भागातल्या मुलांना राज्याबाहेर जाण्याची गरज उरली नाही, हे खरेच. पण संस्थाचालक आणि राजकारणी एकच होऊ लागले, आणि ज्यांच्या महाविद्यालयांची तपासणी विद्यापीठाने करायची, त्यांच्यापैकीच अनेक जण मंत्रिमंडळात, विधानसभेत आणि विद्यापीठाच्या प्राधिकरणांवर (निर्णय घेणाऱ्या मंडळांवर) बसू लागले. १९८६ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एमडी या वैद्यकीय परीक्षेत मुख्यमंत्र्यांच्या मुलीला मिळालेल्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना राजीनामा द्यावा लागला. एका परीक्षेच्या निकालावरून राज्याचे सरकार हलावे, इतके हे दोन संसार एकमेकांत मिसळले होते.

१९९४ मध्ये महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि राज्यातील पारंपरिक विद्यापीठे एका कायद्याखाली आली. त्यातील एक तरतूद बारकाईने पाहण्यासारखी आहे. नव्या महाविद्यालयाचा प्रस्ताव विद्यापीठाने छाननी करून शासनाकडे पाठवायचा. मात्र अपवादात्मक परिस्थितीत, कारणे लेखी नोंदवून, विद्यापीठाने शिफारस न केलेल्या प्रस्तावालाही शासन मंजुरी देऊ शकत होते. कुठे किती महाविद्यालये हवीत याचा बृहत् आराखडा करायचा विद्यापीठाने, संलग्नतेचा आणि परीक्षांचा भार उचलायचा विद्यापीठाने, आणि भार किती असावा याचा शेवटचा शब्द मंत्रालयाचा, अशी ही मांडणी होती. याच कायद्याने विद्यार्थी मंडळाच्या खुल्या निवडणुकाही बंद करून गुणवत्तेवर आधारित प्रतिनिधित्व आणले. त्याआधीच्या निवडणुकांतील हिंसाचार हे त्याचे कारण होते.

अनिल काकोडकर, अरुण निगवेकर आणि राम ताकवले यांच्या समित्यांच्या अहवालांनंतर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ तयार झाला आणि १ मार्च २०१७ पासून लागू झाला. अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखांचे प्रमुख, पूर्वी निवडून येत, ते आता नेमले जाऊ लागले. प्राधिकरणांवर नामनियुक्त सदस्यांचे वजन वाढले. कुलगुरूंसाठी त्रिसदस्य शोध समिती ठेवली गेली : कुलपतींनी नेमलेले अध्यक्ष, उच्च शिक्षण विभागाचे प्रधान सचिव, आणि व्यवस्थापन परिषद व विद्यापरिषद यांनी संयुक्तपणे सुचवलेले राष्ट्रीय ख्यातीच्या संस्थेचे प्रमुख. ही समिती किमान पाच नावे देणार आणि त्यांतून कुलपती निवड करणार.

कुलगुरूपदावरच्या माणसाची खुर्ची किती डळमळीत असते, हे मुंबईने दोनदा पाहिले. राजन वेळूकर यांच्या पात्रतेबाबत शोध समितीने नीट विचार केला नाही, असे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये म्हटल्यावर कुलपतींनी त्यांना फेब्रुवारी २०१५ मध्ये पदापासून दूर राहण्यास सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ते मार्चमध्ये परतले. त्यांच्यानंतर आलेले संजय देशमुख यांना ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपती विद्यासागर राव यांनी पदावरून काढले. उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी घाईने सुरू झाली आणि निकाल महिनोन्महिने रखडले, हे त्याचे कारण. विद्यापीठाच्या १६० वर्षांत कुलगुरूला बडतर्फ करण्याची ही पहिलीच वेळ होती. निर्णयाची जबाबदारी कुलगुरूंची होती, यात वाद नाही. पण शेकडो महाविद्यालयांच्या लाखो उत्तरपत्रिका एकाच परीक्षा भवनाने तपासून द्याव्यात, हा भार एका कुलगुरूने निर्माण केलेला नव्हता, आणि तो वाढवणाऱ्या मंजुऱ्यांबद्दल कोणालाच जाब विचारला गेला नाही.

राज्य आणि केंद्र यांच्यातील ती जुनी फट २०१९ नंतर उघडी पडली. महाविकास आघाडी सरकार आणि राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्यात विधान परिषदेच्या बारा नामनियुक्त जागांवरून आधीच संघर्ष होता. २८ डिसेंबर २०२१ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यातील दुरुस्ती विरोधकांच्या गदारोळात मंजूर केली. समितीने पाच नावे शासनाला द्यायची, शासनाने त्यांतील दोन राज्यपालांकडे पाठवायची, आणि राज्यपालांनी तीस दिवसांत एकाची नेमणूक करायची, असे त्यात होते. उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांसाठी प्र-कुलपती हे नवे पदही होते. राज्यपालांच्या मर्जीला आवर घालण्याचा हेतू समजण्यासारखा असला, तरी त्याऐवजी मंत्र्यांची मर्जी बसवून विद्यापीठाच्या पदरात काय पडणार होते, हा प्रश्न तेव्हा सत्ताधारी बाकांवरून कोणी गांभीर्याने घेतला नाही. या विधेयकाचा कायदा झालाच नाही. २०२२ च्या सत्तांतरानंतर नव्या सरकारने ते मागे घेतले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठातील आणि केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील कुलगुरूंच्या नेमणुका रद्द केल्या. कुलगुरूंच्या निवडीत अनुदान आयोगाचे विनियम राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ आहेत, असे त्या निकालांचे सार होते. महाराष्ट्रालाही शोध समितीत आयोगाचा प्रतिनिधी घेण्यासाठी कायद्यात बदल करावा लागला आणि निवडप्रक्रिया नव्याने मांडावी लागली. मुंबई आणि पुण्यात प्रभारी राजवट लांबली ती यामुळे. ६ जानेवारी २०२५ रोजी आयोगाने प्रसिद्ध केलेल्या विनियमांच्या मसुद्यात शोध समिती नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे देण्याचा आणि उद्योग किंवा सार्वजनिक प्रशासनातील व्यक्तींनाही पात्र ठरवण्याचा प्रस्ताव होता. तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक या राज्यांनी त्याला विरोध केला.

नेमणुकांसारख्याच निवडणुकाही रखडल्या. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतील नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये ऐनवेळी स्थगित झाली, वर्षभराने पुन्हा मतदानाच्या तोंडावर थांबवली गेली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २४ सप्टेंबर २०२४ रोजी पार पडली. दहाही जागा ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या.

नेमणुकीच्या या झगड्यात एक गोष्ट मागे पडते. कुलगुरू कोणीही निवडो, शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय त्यांना शिक्षकाचे एकही नवे पद निर्माण करता येत नाही, आणि असलेले रिक्त पद भरायचे तरी फाइल लांबचा प्रवास करते. विभागाची मागणी, मंजूर आकृतिबंधाशी (ठरवून दिलेल्या पदसंख्येशी) पडताळणी, विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदांच्या क्रमवारीची) तपासणी, उच्च शिक्षण विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र, वित्त विभागाची संमती, आणि त्यानंतर जाहिरात. ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या शासन निर्णयाने तर करोनाच्या काळात नवी भरतीच थांबवली. तोवर वर्ग चालवतात ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारे शिक्षक, ज्यांना सुट्टीच्या महिन्यांत मानधन नसते आणि पुढच्या जूनमध्ये आपण याच वर्गात असू की नाही हे माहीत नसते. कुलगुरूंच्या पाच वर्षांच्या मुदतीत एखाद्या विभागाची फाइल दोनदा परत आली, तर तो विभाग पुढच्या कुलगुरूंच्या हाती रिकाम्या पदांसहच जातो.