मराठी आजी नकाशात कुठे सापडते?

न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकाकडे राहणारी एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. घरात मराठी बोलते, इंग्रजी जेमतेम समजतं. दवाखान्यात तिच्यासाठी दुभाषा लागेल, हे आधी कळायचं कसं? अमेरिकेत त्यासाठी जनगणना खात्याचे आकडे नकाशावर मांडतात.

भाषेचा प्रश्न २००० सालापर्यंत दशवार्षिक जनगणनेच्या लांबलचक अर्जात असे. आता तो ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या पाहणीत विचारतात. ती दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाते. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत येतं: खूप चांगलं, चांगलं, फारसं नाही की मुळीच नाही? ‘खूप चांगलं’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, की त्या व्यक्तीचं इंग्रजी मर्यादित धरतात. पुष्कळदा घरातला एकच जण सगळ्यांचा अर्ज भरतो. म्हणजे आजीचं इंग्रजी कसं आहे, हे बहुधा लेकच ठरवणार.

नकाशासाठी काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, ‘सेन्सस ट्रॅक्ट’ नावाचे तुकडे पाडलेले असतात. एकात साधारण ४,००० माणसं. एवढ्या लहान तुकड्यात एका वर्षात मोजकीच घरं पाहणीत येतात, म्हणून पाच वर्षांची उत्तरं एकत्र करतात. तरीही आकड्यात बरीच कमी-जास्त राहते, आणि ती न दाखवणाऱ्या नकाशावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. राज्य पातळीच्या तपशीलवार तक्त्यातही मराठीला स्वतंत्र रकाना नाही. ती ‘नेपाळी, मराठी व इतर भारतीय-आर्य भाषा’ या गटात बसते. ट्रॅक्टपर्यंत उतरलं की तोही गट मावळतो. तिथे हिंदी, गुजराती, इटालियन, पोर्तुगीज यांच्यासह मराठी ‘इतर इंडो-युरोपीय’ ठरते, आणि शेजारची तेलुगू आजी ‘इतर आशियाई व पॅसिफिक बेटांवरील भाषां’मध्ये जाते. कारण रास्त आहे: इतक्या थोड्या लोकांचा तपशील छापला, तर माणूस ओळखू येऊ शकतो. पण दुभाषा पाठवणाऱ्याला ‘इंडो-युरोपीय’ या शब्दाचा काय उपयोग?

म्हणून जाणकार दोन नकाशे एकावर एक ठेवतात. किमान एक लाख वस्तीच्या मोठ्या भागांचा नकाशा कोणत्या भाषा आहेत ते सांगतो. ट्रॅक्टचा नकाशा मर्यादित इंग्रजीची घरं कुठल्या बाजूला दाटली आहेत ते दाखवतो. तिथून पुढे मात्र देवळात, किराणा दुकानात, महाराष्ट्र मंडळात जाऊन विचारावंच लागतं.