न झालेल्या खर्चाचा हिशेब

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीत सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीची बैठक भरली आणि थोड्याच वेळात उठली. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या अध्यक्षांना साक्षीसाठी बोलावले होते. वैयक्तिक कारणामुळे येता येत नाही, असा निरोप त्याच सकाळी आला आणि समितीचे अध्यक्ष के. सी. वेणुगोपाल यांनी बैठक पुढे ढकलली. सत्ताधारी बाजूच्या सदस्यांचा राग गैरहजेरीवर नव्हता, विषयावर होता. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नियामक संस्थांच्या कामगिरीचा आढावा समितीने आपण होऊन हाती घेतलाच कसा, कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात सेबीबद्दल परिच्छेद कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. बातम्यांत गाजली ती माणसांची नावे. हरकत मात्र नीट ऐकण्यासारखी होती, कारण समितीच्या जन्मापासूनची अडचण तीत आहे.

लोकलेखा समिती १९२१ सालची. कल्पना ब्रिटिश पार्लमेंटची. तिथे ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६१ मध्ये अशी समिती उभी राहिली. आपल्याकडे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांबरोबर ती आली, पण पंख छाटून. अध्यक्षपदी सरकारचाच अर्थसदस्य (तेव्हाचा अर्थमंत्रीच), कचेरीही अर्थखात्याचीच. खर्च करणारा आणि हिशेब विचारणारा एकाच घरातले. १९५० मध्ये समिती लोकसभेच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत आली आणि अर्थमंत्र्यांची सद्दी संपली. विरोधी पक्षाचा पहिला अध्यक्ष मिळायला मात्र १९६७ उजाडले. ते होते स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी. आज लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात, मंत्री सदस्य होऊ शकत नाही. अध्यक्ष विरोधी बाकांवरचा असावा हा केवळ संकेत आहे, नियम नव्हे.

या समितीचा कणा म्हणजे कॅग. घटना समितीत मे १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी या पदाला राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते, न्यायपालिकेहूनही ज्याचे कर्तव्य मोठे असा. सरकारी कचेरीत ज्याने दिवस काढले आहेत त्याला ‘ऑडिट पॅरा’ या शब्दाचा धाक ठाऊक असतो. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला, निविदा न काढता खरेदी झाली, की पॅरा निघतो. खात्याने खुलासा केला आणि तो पटला तर पॅरा मिटतो. न मिटलेला पॅरा वर सरकत अहवालात जातो, अहवाल सभागृहाच्या पटलावर येतो, आणि मग बंद दाराआड सचिव समितीसमोर बसून उत्तरे देतात. कॅग तेव्हा समितीच्या मदतीला हजर असतो. यंत्रणा चांगली आहे. फक्त तिला चालायला आधी पॅरा लागतो आणि पॅऱ्याला बहुतेक वेळा झालेला खर्च लागतो.

उद्योगांना सरकारी आधार द्यायचा तर तो अर्थसंकल्पातूनच गेला पाहिजे असे नाही, हे देशाला पहिल्यांदा मुंबईत कळले. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ सालचे. पुढच्याच वर्षी जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, तेही महामंडळाच्या गुंतवणूक समितीला न विचारता. पैसा विमेदारांचा. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोझ गांधी यांनी लोकसभेत हे प्रकरण मांडले. त्यांचा पक्ष सत्तेत, सासरे पंतप्रधान. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने सुनावणी उघड घेतली. गर्दी इतकी, की बाहेरच्यांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिन्याभरात काम आटोपले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

राजीनामा सगळ्यांच्या लक्षात राहिला. छागलांच्या अहवालातले एक तत्त्व मात्र मला त्याहून मोलाचे वाटते. सरकारने स्वायत्त महामंडळाच्या कारभारात ढवळाढवळ करू नये. करायचीच असेल तर लेखी आदेश देऊन जबाबदारी अंगावर घ्यावी. तोंडी सांगायचे आणि नंतर ‘संस्था स्वायत्त आहे’ म्हणून हात वर करायचे, या खेळावर त्यांनी बोट ठेवले होते. तो खेळ आजही कोणाला शिकवावा लागत नाही.

सरकारी कंपन्यांसाठी १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रम समिती आली. तिला धोरण आणि रोजचा कारभार, दोन्ही वर्ज्य. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात जे उरले ते तपासायचे.

१९९१ नंतर सरकार धंद्यातून थोडे मागे सरले आणि मंत्रालयाबाहेर राखणदार नेमले गेले. सेबीला १९९२ च्या आरंभी वैधानिक अधिकार मिळाले. दूरसंचार नियामक ट्राय १९९७ ची, विमा नियामकाचा कायदा १९९९ चा. सेबीच्या हाती काठी आली न आली तोच एप्रिल १९९२ मध्ये हर्षद मेहताचे शेअर घोटाळा प्रकरण फुटले. संसदेने संयुक्त समिती नेमली. केतन पारेखच्या शेअर प्रकरणानंतर २००१ मध्ये दुसरी नेमली आणि युनिट ट्रस्टचा घोळही तिच्याच गळ्यात पडला. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिट-६४ या आपल्या गुंतवणूक योजनेची विक्री आणि फेरखरेदी थांबवली, तेव्हा लाखो घरांत बचत अडकली होती. ही योजना सेबीच्या म्युच्युअल फंड नियमांच्या कक्षेबाहेर होती. राखणदार होता, पण शेत त्याचे नव्हते.

दरम्यान १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आल्या. त्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या तपासतात. नियामकांनी केलेली विनियमने सभागृहापुढे ३० दिवस ठेवायची असतात, त्यांत बदल करण्याचा हक्क संसदेला आहे. रोजच्या कागदांच्या गठ्ठ्यात ती पटलावर येतात आणि तिथेच राहतात.

टूजी मोबाइल परवान्यांच्या वाटपाच्या वेळी पेच उघडा पडला. १० जानेवारी २००८ च्या दुपारी दूरसंचार खात्याने परवान्यांची इरादापत्रे घेऊन जा असे अचानक जाहीर केले आणि त्याच दुपारी वाटप झाले. दर २००१ चेच. काही अर्जदारांनी आणलेल्या बँक ड्राफ्टवर या घोषणेच्या आधीच्या तारखा होत्या, हे कॅगने नोंदवले. एवढा एकच तपशील सगळे सांगून जातो. पण नोव्हेंबर २०१० मध्ये अहवाल आला आणि देश १.७६ लाख कोटींवर भांडत बसला. अहवालात वेगवेगळ्या रीतींनी काढलेले अनेक आकडे होते, हा त्यांतला सर्वांत मोठा. इथे तिजोरीतून रुपया गेलाच नव्हता. यायला हवा होता तो आला नाही, आणि ‘यायला हवा होता’ म्हणजे किती, यावर सारा वाद.

पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लोकलेखा समितीसमोर येण्याची तयारी दाखवली. आर्थिक समित्यांपुढे मंत्र्यांना बोलावण्याची प्रथा नाही, त्यामुळे हे अनपेक्षितच होते. एप्रिल २०११ मध्ये मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीत टूजी अहवालाच्या मसुद्यावरून गोंधळ झाला. २१ पैकी ११ सदस्यांनी मसुदा फेटाळून दुसरा अध्यक्ष ‘निवडला’. जोशींनी अहवाल तरीही लोकसभा अध्यक्षांकडे धाडला आणि तो परत आला. समांतर संयुक्त समिती चालूच होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. संसदेचे स्वतःचे एकमताचे उत्तर या प्रकरणात कधी आलेच नाही.

त्यानंतर मदतीचे रूप आणखी विरळ होत गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने कंपनी कर २२ टक्क्यांवर आणला. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडला. सोडलेल्या कराचे विवरण २००६-०७ पासून अर्थसंकल्पाबरोबर येते, पण त्यावर मतदान नसते. अनुदान असते तर मागणी म्हणून सभागृहापुढे आले असते. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत निदान खर्च दिसतो: १४ क्षेत्रे, १.९७ लाख कोटी. मे २०२० ची आपत्कालीन कर्जहमी योजना मात्र ३ लाख कोटींनी सुरू होऊन पुढे ५ लाख कोटींपर्यंत गेली, आणि ही मर्यादा म्हणजे खर्च नव्हे. कर्ज बँकेने दिलेले, हमी सरकारी ट्रस्टी कंपनीची. कर्ज थकले, बँकेने दावा केला, तो चुकता झाला, की मग पैसे तिजोरीतून निघतात. ऑडिट पॅरा निघालाच तर त्याच्याही नंतर.