बारदेशच्या मिठाची जकात

मिठाचा सत्याग्रह म्हटलं की सगळ्यांना दांडीच आठवते, पण आपल्या कोकणात मिठावरून राजकारण त्याच्या अडीचशे वर्षं आधीपासून चालू होतं. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र पाठवलं, त्यातला मुद्दा एकदम रोखठोक. गोव्यातल्या, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त, व्यापारी तिकडेच वळतायत आणि संगमेश्वरकडचं आपलं मीठ पडून राहतंय, तेव्हा बारदेशच्या मिठावर एवढी जबर जकात बसवा की ते आपल्यापेक्षा महागच पडलं पाहिजे. आज ज्याला इम्पोर्ट ड्युटी म्हणतात तेच की हे!

आता मिठासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण घाटावर समुद्र नाही, मीठ वर न्यायचं तर बैलांच्या पाठीवरून, आणि लमाणांचे तांडे धान्य-मीठ घेऊन शेकडो मैल चालायचे. शिवाय कोकणातला अख्खा पावसाळा मिठावर निघायचा. समुद्र खवळलेला, ताजी मासळी नाही, मग उन्हाळ्यातच बांगडे खारवून ठेवायचे, छोट्या कैऱ्या मिठात दाबून बरणीवर धोंडा ठेवायचा, फणसाचे कच्चे गरे खारात टाकायचे, आणि कोकमाच्या रसात मीठ घालून आगळ करायचं जे वर्षभर टिकतं. यात मीठ कमी पडलं की बुरशी आलीच, हात आखडून चालतच नाही. मोजून-मापून मीठ खाणं ही हल्लीची, बीपीवाल्यांची गोष्ट.

आणि नेमकी इथेच इंग्रजांच्या मीठ-कराची झळ लागायची, कारण चिमूटभर भाजीला कर परवडेल एक वेळ, पण टोपलीभर मासळी खारवायला? शेवटी सरकारलाच किनाऱ्यावर मासे खारवायचे यार्ड काढून तिथे कमी दरात मीठ द्यावं लागलं.

गोव्याचं स्वस्त मीठ अर्थातच इंग्रजांनाही खुपत होतं, पण त्यांनी जकातीवर भागवलं नाही. 1878 चा करार करून पोर्तुगीजांना वर्षाला 4 लाख रुपये देऊन गोव्यातल्या मिठाचा ताबाच घेतला. पैसे सरकारी तिजोरीत गेले, मार पडला मिठागरवाल्यांना, आणि भरती-ओहोटीच्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेली आगरं 1892 मध्ये करार संपला तरी पूर्वीसारखी काही उभी राहिली नाहीत. माझ्या मते महाराजांची जकात आणि हा करार एका पंगतीला बसवू नये, तिथे आपल्या आगरांना सांभाळायचं होतं, इथे दुसऱ्याची बंद पाडून आपलं कराचं उत्पन्न वाचवायचं होतं.

1930 च्या मे महिन्यात सत्याग्रही मीठ उचलायला वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरांवर गेले, ते शिरोडंही गोव्याच्या हद्दीला लागूनच. लाठ्या पडल्या, तुरुंग भरले. कर मात्र 1947 पर्यंत हलला नाही.